अंगणातली नाटकमंडळी

परभणी जिल्ह्यात नाटक कोण करतं, असं विचारलं की बोट पहिल्यांदा वळतं ते राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्थांकडे. दिवसा शाळेत शिकवायचं, बँकेत खाती सांभाळायची, दुकान बघायचं आणि संध्याकाळी कुठल्याशा वर्गखोलीत बाकडी कडेला सारून तालमीला उभं राहायचं. ही मंडळी जिल्ह्याची शान आहेत. त्यांच्याविषयी पुढे लिहिणारच आहे. पण या यादीत ज्यांचं नाव सगळ्यात वर हवं, त्यांच्या दारावर संस्थेची पाटी नसते. त्यांच्या प्रयोगाची तिकिटं निघत नाहीत, जाहिरात येत नाही आणि दुसऱ्या दिवशी पेपरात परीक्षणही छापून येत नाही. लग्नघरच्या अंगणात चार-पाच माणसं रात्री उभी राहतात, दिवटी पेटते, संबळ घुमतो आणि पहाटेपर्यंत राजे, राण्या, ऋषी, राक्षस, भोळे भक्त आणि इरसाल गावकरी त्या अंगणात येऊन जातात. आपण त्यांना गोंधळी म्हणतो, त्यांचं काम 'कुळाचार' या खात्यात टाकतो आणि मोकळे होतो.

हा लेख त्या खात्यातून त्यांना बाहेर काढण्यासाठी लिहिला आहे. गोंधळ्यांचा संच ही पुरती नाटकमंडळी आहे. तिच्यात नट आहेत, वादक आहेत, ठरलेल्या आणि ऐन वेळी सुचलेल्या संवादांची परंपरा आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रेक्षक आहे आणि दर रात्री नाटक बदलता येईल एवढा आख्यानांचा साठा आहे. तिला नाटकमंडळी न मानल्यानं तोटा तिचा झालाच, पण जिल्ह्याच्या रंगभूमीचा त्याहून जास्त झाला.

परभणीत ही परंपरा का रुजली, हे नकाशा पाहिला की उमगतं. नैर्ऋत्येला तुळजापूरची भवानी, ईशान्येला माहूरची रेणुका. दोन्ही पीठांच्या वाटेवरचा हा मुलूख. गोंधळ्यांचे दोन मोठे पंथही याच दोन देवींचे. तुळजाभवानीचे ते कदमराई आणि रेणुकेचे ते रेणुराई. इथल्या असंख्य घरांत लेकाचं लग्न झालं की नव्या जोडप्याला घेऊन देवीचा गोंधळ घालावाच लागतो. जात कोणतीही असो, कुळदेवी यांपैकी असली म्हणजे झालं. गोंधळ्याची गावं ठरलेली असत, घरं ठरलेली असत. गावगाड्यात त्याची गणना अलुतेदारांत होई. सुगीला खळ्यावर त्याच्या वाट्याचं धान्य निघे. प्रेक्षक शोधत हिंडण्याची पाळी त्याच्यावर नव्हती आणि प्रेक्षकालाही कुठला संच बोलवावा हा प्रश्न नव्हता. आजोबांच्या लग्नात ज्याच्या आजोबांनी संबळ वाजवला, त्याच्याच नातवानं नातवाच्या लग्नात यायचं. व्यावसायिक रंगभूमीनं कितीही धडपड केली तरी नट आणि प्रेक्षक यांचं असलं नातं तिला जोडता आलेलं नाही.

या कलेचं वय मोजायला गेलं तर कल्याणीच्या चालुक्यांपर्यंत मागं जावं लागतं. तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त गौंडली नावाच्या नृत्याचं वर्णन आहे आणि अभ्यासक त्याचा संबंध गोंधळाशी जोडतात. गोंधळी मात्र आपलं मूळ राजदरबारात सांगत नाहीत. ते परशुरामाची कथा सांगतात. बेटासुर नावाच्या दैत्याला परशुरामानं मारलं, त्याच्या शिराचं वाद्य केलं, त्याच्याच शिरेची तार ओढली आणि ते खांद्यावर टाकून वाजवत तो आई रेणुकेच्या वंदनाला गेला. तुणतुण्याचा जन्म तो, आणि पहिला गोंधळही तोच. युद्ध जिंकून आलेल्या मुलानं आईसमोर केलेला प्रयोग, अशी या कलेची स्वतःबद्दलची समजूत आहे. मला ती फार मोलाची वाटते, कारण प्रयोग कुणासाठी करायचा हे तिच्यात पहिल्यापासून ठरलेलं आहे.

आता संचाकडे पाहू. मुख्य असतो तो नाईक. कथा त्याच्या तोंडी. अंगात पायघोळ झगा, डोक्याला पगडी, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळी हळद-कुंकवाचा मळवट. त्याच्या शेजारी साथीदार. हा नुसता री ओढणारा नसतो. नाईकानं गंभीर वाक्य टाकलं की हा मध्येच शंका काढतो, भलताच अर्थ लावतो, राजाच्या दरबारात गावच्या सोयाबीनचा भाव आणतो, नवऱ्या मुलाच्या मामाला पकडतो. तिसरा संबळवाला. कंबरेला बांधलेली संबळाची जोडी, एका काठीचं टोक वळवलेलं, आणि तिच्यातून निघणारा तो नाद, जो शिवारापलीकडच्या वस्तीवर ऐकू गेला तरी लोक ओळखतात की अमक्याकडे गोंधळ आहे. चौथा तुणतुण्यावर, कुणाच्या हाती झांज, कुणी दिवटीत तेल घालायला. माणसं कमी असली तर एकेकजण दोन-दोन कामं करतो. नेपथ्यकार वेगळा नाही, प्रकाशयोजनाकार वेगळा नाही. दिवटी जिकडे फिरते तिकडे प्रेक्षकाची नजर फिरते, आणि ती कधी उंच धरायची, कधी चेहऱ्याशी आणायची हे दिवटी धरणाऱ्याला कुणी शिकवलेलं नसतं. पाहून पाहून येतं.

रात्रीचा क्रम ठरलेला आहे. पाटावर नवं वस्त्र अंथरून धान्याचा चौक भरायचा, वर कलश, विड्याची पानं, नारळ. भोवती उसाच्या किंवा ज्वारीच्या धांडांचा छोटा मांडव. दिवटी पाजळायची, गण म्हणायचा आणि मग देवांना आमंत्रणं. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर करत करत गावच्या मारुतीपर्यंत, शिवेवरच्या म्हसोबापर्यंत सगळ्यांना नावानिशी बोलवायचं. कुणाचं नाव राहता कामा नये. इथवर पूर्वरंग. त्यानंतर उत्तररंगात आख्यान लागतं, आणि इथून पुढे नाईकाची कसोटी. हरिश्चंद्र लावायचा, चिलया बाळ लावायचा, अंबरीष लावायचा की रेणुकेचीच कथा सांगायची, हे तो घर पाहून, माणसं पाहून आणि उरलेली रात्र पाहून ठरवतो. घरात नुकतं दुःख झालेलं असेल तर चांगुणेनं आपल्या चिलया बाळाला उखळात कांडल्याची कथा शहाणा नाईक टाळतो. बायका जास्त बसलेल्या असतील तर वेगळं, पोरं जागी असतील तर वेगळं. कुठल्या नाट्यसंस्थेला दर प्रयोगाआधी प्रेक्षक बघून नाटक बदलता येतं?

याच संचाकडे आणखी एक विद्या आहे. करपल्लवी. बोटांच्या खुणांनी अक्षरं सांगायची. एक जण लोकांत फिरतो, कुणी त्याच्या कानात आपलं नाव सांगतो आणि दूर उभा असलेला दुसरा ते नाव मोठ्यानं उच्चारतो. मध्ये शब्द गेलेला नसतो, गेलेली असते बोटांची हालचाल. डोळ्यांच्या इशाऱ्यांनी हेच केलं की ती नेत्रपल्लवी. लोक याला चमत्कार समजून तोंडात बोट घालतात, पण खरी चकित व्हायची गोष्ट निराळीच आहे. शेकडो डोळे आपल्यावर रोखलेले असताना, कुणाला पत्ता लागू न देता सहकाऱ्याशी संपूर्ण संभाषण करणं हे नटाच्या शरीरावरचं केवढं प्रभुत्व आहे! नाट्यशिबिरांत एकमेकांकडे लक्ष ठेवण्याचे, न बोलता संवाद साधण्याचे खेळ घेतात. इथे ते घराघरांत बापाकडून मुलाकडे येत राहिलं.

परभणीच्या या परंपरेतलं सगळ्यात मोठं नाव राजारामभाऊ कदम यांचं. गोंधळमहर्षी म्हणून त्यांना मान मिळाला. त्यांच्या मुखी असलेलं जांभूळ आख्यान ही मराठी लोकरंगभूमीला परभणीनं दिलेली देणगी आहे, असं मी बेधडक म्हणतो.

ही कथा व्यासांच्या महाभारतात शोधू नये. पाठही वेगवेगळे आहेत. गाभा असा की कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात येतं, हा कुंतीचा सहावा असता तर? पाच पती असलेल्या पतिव्रतेच्या मनात सहाव्याचा विचार. ती कुणाला बोलत नाही. पण कृष्णाला कळतं. तो सगळ्यांना वनात नेतो. तिथे झाडावर एकच पिकलेलं जांभूळ असतं, भीम ते तोडतो आणि मग कळतं की हे फळ एका तपस्वी ऋषीचं आहे, तो उठला की शाप देणार. फळ पुन्हा देठाला चिकटवायचं तर उपाय एकच, प्रत्येकानं आपल्या मनातलं खरं बोलायचं. एकेक पांडव बोलतो, फळ वर वर चढतं. द्रौपदीची पाळी येते. ती काही सांगते, काही झाकते. फळ तिथेच अडतं. शेवटी ती कर्णाचं नाव घेते आणि जांभूळ देठाला जाऊन लागतं.

हे आख्यान कुठे सांगितलं जातं ते लक्षात घ्या. नव्या नवरीसमोर. सासू, नणंदा, जावा, दीर, सगळी भावकी बसलेली असताना. एक पुरुष डोक्यावरून पदर घेतो, द्रौपदी होतो आणि बाईच्या मनात काय काय असू शकतं ते भर अंगणात बोलून दाखवतो. कथा तिला शिक्षा देत नाही. कृष्ण तिला हाकलत नाही, पती तिला टाकत नाहीत. खरं बोलली म्हणून फळ जागेवर जातं आणि सगळे वाचतात. शहरी रंगभूमीनं विवाह आणि स्त्रीचं मन या विषयावर पुष्कळ नाटकं केली, वादळं उठवली, परिसंवाद घेतले. परभणीच्या खेड्यांत हा विषय देवीच्या चौकासमोर, धर्मकृत्याचा भाग म्हणून, घरच्या वडीलधाऱ्यांच्या साक्षीनं मांडला जात होता. इतका वेळ मध्ये मध्ये फिरकी घेणारा साथीदारही या जागेला गप्प झालेला असतो.

हे आख्यान शहराच्या मंचावर गेलं ते मुंबईत. तिथे १९४४ साली स्थापन झालेल्या इंडियन नॅशनल थिएटरनं लोककलांच्या संशोधनासाठी वेगळं केंद्र चालवलं. अशोकजी परांजपे या केंद्राचे कर्ते. भावगीतांचे आणि 'संगीत गोरा कुंभार'च्या पदांचे कवी म्हणून त्यांना आपण ओळखतो, पण गावोगाव हिंडून लोककलावंतांना शोधणं, त्यांना मानानं मोठ्या मंचावर आणणं, त्यांच्याकडचं धन नव्या प्रयोगांत उतरवणं, हे त्यांचं काम गीतांइतकंच मोठं आहे. 'खंडोबाचं लगीन', 'दशावतारी राजा' आणि 'जांभूळ आख्यान' हे या संस्थेचे प्रयोग त्याच शोधातून उभे राहिले. 'जांभूळ आख्याना'त शाहीर विठ्ठल उमप उभे राहिले आणि त्यांनी ते अजरामर केलं. आंबेडकरी जलशांतून घडलेला हा गायक-नट गोंधळ्याचा नाईक झाला, क्षणात द्रौपदी झाला, क्षणात कृष्ण. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर मंचावरच त्यांनी देह ठेवला. पुढे त्यांचे चिरंजीव नंदेश उमप यांनी हे आख्यान हाती घेतलं.

उमपांचं श्रेय एका कणानंही कमी करायचं नाही. त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. पण 'जांभूळ आख्यान' म्हटल्यावर पुण्या-मुंबईच्या रसिकाला जितक्या चटकन उमप आठवतात, तितक्या चटकन परभणी आठवत नाही. हे मला लागतं. त्याहून लागतं ते हे, की खुद्द परभणीत नाटकाची आवड असलेल्या तरुणांनाही आपल्या शहराचं हे नातं अनेकदा ठाऊक नसतं. बी. रघुनाथांचं नाव त्यांना माहीत असतं आणि ते असायलाच हवं. सातोन्यात १९१३ साली जन्मलेला, निजामी राजवटीत सरकारी नोकरी करत कथा, कविता, कादंबऱ्या लिहिणारा आणि ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीतच गेलेला हा लेखक शहराच्या अभिमानाचा विषय आहे. त्यांच्या नावाचं सभागृह आहे, स्मरणाचे कार्यक्रम होतात. लिहिणाऱ्याला शहरानं आठवलं. बोलणाऱ्याला आणि नाचणाऱ्याला आठवायचं राहून गेलं.

निजामी राजवटीचा उल्लेख आला म्हणून थोडं थांबतो. १९२९ च्या गश्ती निशाण त्रेपन्न या सरकारी हुकमानं हैदराबाद संस्थानात सभा-संमेलनांना सरकारी परवानगीचं कुंपण घातलं. संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ साली परतूरला, म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली झालं, ते अशा वातावरणात. सरकारी कामकाज उर्दूत, वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू. मुंबई-पुण्याकडे संगीत नाटकांच्या कंपन्या गावोगाव तळ ठोकत होत्या, त्या काळात इथल्या माणसाला रात्रभर मराठी ऐकायला मिळायची ती कीर्तनात, भारुडात आणि गोंधळात. माझ्या मते मराठवाड्याच्या मराठी बोलीतला नाट्यगुण, तिचा ठसका, प्रश्न विचारून उत्तर उडवून लावण्याची तिची खोड, या अंगणांनी जपली. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्राम झाला, १७ सप्टेंबर १९४८ उजाडला, शाळा-महाविद्यालयं निघाली, स्नेहसंमेलनं सुरू झाली आणि त्यांतून आजची हौशी रंगभूमी आली.

तिचीही कहाणी सोपी नाही. साठी ओलांडलेली राज्य नाट्य स्पर्धा हा परभणीसारख्या गावातल्या नटाचा मोठा आधार. वर्षभर नोकरी करून महिना-दोन महिने तालीम करायची आणि एका प्रयोगासाठी जीव टाकायचा. तो प्रयोग झाला की सेट उतरतो, भाड्याचे कपडे परत जातात आणि नाटक बहुधा संपतं. दुसऱ्यांदा करायचं तर जागा कुठे? शहरातलं महापालिकेचं नटराज रंगमंदिर दुरवस्थेमुळे वर्षानुवर्षं बंद राहिलं. रंगकर्मींनी निवेदनं दिली, आंदोलनं केली. बाहेरची व्यावसायिक नाटकं यायची तर तोच प्रश्न. आणि तरीही या मातीतून नट-लेखक बाहेर पडत राहिले. संकर्षण कऱ्हाडे परभणीचे. 'तू म्हणशील तसं' हे त्यांनी लिहिलेलं नाटक व्यावसायिक रंगभूमीवर चाललं आणि अभिनय, कविता, लेखन अशा सगळ्या अंगांनी ते आज महाराष्ट्राला माहीत आहेत. गावातल्या दहावी-बारावीच्या पोराला 'आपल्या गल्लीतला माणूस तिथे गेला' हे दिसणं फार मोठं आहे.

पण दोन रंगभूमी एका जिल्ह्यात राहतात आणि एकमेकींच्या घरी जात नाहीत. हौशी संस्थेला नाट्यगृह नाही म्हणून नाटक अडतं. गोंधळ्याचं नाटक नाट्यगृहावाचून शतकानुशतकं चाललेलं. हौशी नटाला एका संहितेचा एकच प्रयोग मिळतो. नाईकाला एकाच आख्यानाचे शेकडो मिळतात आणि दर प्रयोगात तो काहीतरी घासतो, तासतो. उलट बाजूनं पाहिलं तर हौशी मंडळींकडे लिहिण्याची, चित्रित करण्याची, अर्ज भरण्याची, कचेरीत जाऊन भांडण्याची ताकद आहे. गोंधळ्यांना नेमकी तिची गरज आहे. युवक महोत्सवात विद्यार्थी लोककलेचे प्रकार सादर करतात तेव्हा झगा, पगडी, कवड्या सगळं हुबेहूब असतं. संबळाच्या ठेक्यावर पोरं बेभान नाचतात आणि टाळ्या पडतात. आख्यान मात्र क्वचित लागतं, कारण आख्यानाला रात्र लागते आणि महोत्सवात मिनिटं मोजून मिळतात. आख्यान शिकायचं तर नाईकाच्या मागे हिंडावं लागेल, दिवटी धरावी लागेल. एखाद्या नाट्यसंस्थेनं एक हंगाम तेवढंच करायचं ठरवलं तर त्या संस्थेच्या पुढच्या नाटकाची चाल बदलून जाईल, याची मला खात्री आहे.

वेळ फार नाही. लग्नं मंगल कार्यालयात गेली आणि कार्यालयाची वेळ संपली की हॉल रिकामा करावा लागतो. गोंधळ घरी होतो, पण तास-दोन तासांत आटोपा असा यजमानाचा आग्रह असतो. आमंत्रणं, जोगवा, आरती, की झालं. कापला जातो तो उत्तररंग, म्हणजे नाटकच. पूर्वी खंडोबाचं जागरण वाघ्या-मुरळीचं आणि देवीचा गोंधळ गोंधळ्यांचा, अशी रीत होती. आता 'जागरण-गोंधळ' असा जोडशब्द रूढ झाला, एकच पार्टी दोन्ही करते, सोबत कीबोर्ड आणि मोठे स्पीकर येतात. सुपारी त्यावर ठरते. यात संचाला दोष देऊ नये. पोट आहे, पोरांची शिक्षणं आहेत. राज्याच्या यादीत गोंधळी समाज भटक्या जमाती 'ब' गटात येतो. मुलं शिकताहेत, स्पर्धा परीक्षांना बसताहेत आणि त्यांनी बसावंच. बापाची कला टिकावी म्हणून मुलानं गरीब राहावं, असं म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. मुलींचाही प्रश्न आहे. द्रौपदीचं मन आजवर पुरुषानं सांगितलं. घरात ऐकून ऐकून ज्या मुलींना आख्यानं तोंडपाठ झाली असतील, त्यांच्या हाती संबळ का जाऊ नये?

सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं ती आता चालते. २०२४ मध्ये मानधन महिना ५,००० रुपये झालं. वयाची पन्नाशी गाठलेल्या कलावंताला अर्ज करता येतो. म्हातारपणी संबळाचं ओझं कंबरेला पेलत नाही, तेव्हा या पैशाला फार अर्थ आहे. पण अर्जासोबत कलाक्षेत्रात दीर्घ काळ काम केल्याचे पुरावे लागतात. कार्यक्रमांची पत्रकं, प्रमाणपत्रं, कात्रणं, छायाचित्रं. राज्य नाट्य स्पर्धेत एकदा उतरलेल्या नटाकडेही यातलं काही ना काही सापडतं. आयुष्यभर अंगणात रात्री जागवलेल्या नाईकाकडे काय असणार? त्याला पत्रक कुणी छापलं नाही. त्याच्या प्रयोगाचं आमंत्रण लग्नपत्रिकेच्या तळाशी एका ओळीत असतं, तेही कधी कधी.

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, मानवत, पूर्णा, जिथे जिथे नाटकवेडी चार माणसं आहेत, त्यांनी या हंगामात आपापल्या भागातल्या संचांकडे जावं. फोनवर का होईना, पूर्ण रात्रीचं आख्यान चित्रित करावं. नाईकाचं नाव, त्याच्या गुरूचं नाव, संचातल्या प्रत्येकाचं नाव, तारीख आणि गाव लिहून ठेवावं. त्याची एक प्रत संचाला द्यावी, एक तालुक्याच्या वाचनालयात ठेवावी, आणि अर्ज भरायला त्यांच्यासोबत पंचायत समितीत जावं. पुढच्या लग्नसराईत यजमानांनी गोंधळाची सुपारी देताना एवढंच सांगावं की आम्हाला उत्तररंग हवा आहे, वेळ लागू द्या, आणि त्या वेळेचे पैसे वेगळे द्यावेत.